पक्षाघातातील प्लेटलेटरोधक चिकित्सा : नव्या औषधाची परीक्षा कशी होते?

'अंगावरून वारे गेले' असे सांगत आप्तेष्ट ज्या रुग्णाला वैद्याच्या दारी आणतात, त्याच्या मेंदूत त्या घटकेस नेमके काय चालले आहे हे केवळ नाडी, जिव्हा व आकृती पाहून ठरविता येत नाही. वातप्रकोपाची धातुक्षय व मार्गाचे आवरण अशी दोन कारणे चरकाचार्यांनी सांगितली आहेत. आधुनिक शास्त्रही पक्षाघाताचे दोन मुख्य भेद मानते. रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूचा भाग रक्ताविना राहणे हा पहिला, आणि रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडणे हा दुसरा. दोहोंत तोंड वाकडे होते, हातपाय लुळे पडतात, वाणी अडखळते. तीव्र शिरःशूल, छर्दी व झपाट्याने येणारी मूर्च्छा ही लक्षणे रक्तस्रावाकडे बोट दाखवितात हे खरे. परंतु त्यांच्यावर भरवसा ठेवून औषध द्यावे इतकी ती निश्चित नाहीत. तो निवाडा सी. टी. स्कॅनच करू शकतो.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, प्रस्तुत लेखाचा विषय असलेली प्लेटलेटरोधक औषधे पहिल्या प्रकारात उपकारक आणि दुसऱ्या प्रकारात घातक ठरू शकतात. सबब स्कॅन होण्यापूर्वी 'रक्त पातळ करणारी गोळी' कोणीही देऊ नये. वैद्याने नाही, डॉक्टरने नाही, औषध दुकानदारानेही नाही. ज्याला गिळता येते की नाही याची खात्री नाही अशा रुग्णाच्या मुखात क्वाथ, आसव, तूप, एवढेच काय साधे पाणीही घालू नये. ते श्वसनमार्गात जाऊन फुप्फुसाचा दाह होण्याची भीती असते. गुठळी विरघळविणारे शिरांतर्गत औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांत नलिकेद्वारे गुठळी ओढून काढण्याची क्रिया २४ तासांपर्यंत करता येते. लक्षणे किती वाजता सुरू झाली, रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला, हे कागदावर लिहून त्यास तत्काळ रुग्णालयात धाडणे हे वैद्याचे त्या क्षणीचे सर्वांत मोलाचे कर्म होय.

प्लेटलेटचे कार्य व तिला रोखण्याचे मार्ग

प्लेटलेट ही रक्तातील केंद्रकविरहित सूक्ष्म पेशी असून तिचे आयुष्य साधारण ७ ते १० दिवसांचे असते. रक्तवाहिनीचे अस्तर सोलले गेले की त्याखालील कोलॅजेन उघडे पडते. प्लेटलेट त्यास चिकटते, उद्दीपित होते आणि काही रसायने सोडून आपल्या भगिनींना पाचारण करते. अशा रीतीने क्षणार्धात बांध तयार होतो. बाहेरच्या जखमेवर हा बांध प्राणरक्षक. मेंदूच्या वाहिनीत मात्र तोच प्राणघातक. या साखळीची एकेक कडी तोडणे हे या औषधांचे कार्य.

ॲस्पिरिन हे सायक्लोऑक्सिजिनेज या विकराला कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ती तो विकर पुन्हा घडवू शकत नाही, म्हणून एका मात्रेचा परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर टिकतो. ही कार्यपद्धती जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडली व त्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. क्लोपिडोग्रेल हे पी२वाय१२ नामक ग्राहक बंद करते. परंतु ते पोटात जाताना निष्क्रिय असते व यकृतातील विकरांनी पचविल्यावरच कार्यक्षम होते. टिकाग्रेलॉर तेच काम यकृताच्या मदतीवाचून करते. ॲब्सिक्सिमॅब व टायरोफायबन ही शिरेतून द्यावयाची औषधे प्लेटलेटची परस्परांना चिकटण्याची शेवटची कडीच तोडतात, आणि म्हणूनच ती सर्वांत प्रबळ समजली जातात.

प्रबळ म्हणजे उत्तम असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. तो किती फसवा आहे ते पुढे येईलच.

अनुभव कोठे अपुरा पडतो

ॲस्पिरिनची कथा एका व्यवसायिक डॉक्टरच्या अनुभवापासून सुरू होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ग्लेंडेल येथे लॉरेन्स क्रेव्हन हे सामान्य व्यवसाय करीत. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिनयुक्त गोळी भरपूर चघळणाऱ्या रुग्णांना रक्तस्राव अधिक होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यावरून त्यांनी तर्क केला की, हेच औषध हृदय व मेंदूतील गुठळ्या रोखील. त्यांनी सुमारे ८,००० पुरुषांना ॲस्पिरिन दिले व कोणासही हृदयविकाराचा वा मेंदूचा झटका आला नाही, असे १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतः हृदयविकाराने निवर्तले.

क्रेव्हन यांचे निरीक्षण सूक्ष्म होते व त्यांचा तर्कही पुढे योग्य ठरला. तरीही शास्त्रजगताने त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, आणि ते सर्वस्वी अन्यायाचे होते असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. औषध न घेणारा तुल्य असा दुसरा गट त्यांच्याकडे नव्हता. ज्यांनी औषध घेतले ते मुळातच निरोगी व दक्ष असतील. ज्यांना झटका आला ते कदाचित परत आलेच नसतील. आपल्या चिकित्सालयातील 'शेकडो रुग्णांत गुण आला' या वाक्याचीही हीच अवस्था आहे. जे बरे झाले ते पेढे घेऊन येतात, जे बरे झाले नाहीत ते दुसऱ्या दाराला जातात. शिवाय पक्षाघातात पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक वाचलेल्या रुग्णांची शक्ती आपोआपच काही अंशी परत येते. त्या काळात रुग्ण जे घेत असेल त्यास श्रेय मिळते. ते दशमूळ असो, मसाज असो वा एखादी महागडी इंजेक्शने असोत.

सुश्रुताचार्यांनी पक्षाघाताची साध्यासाध्यता सांगताना केवळ वाताने झालेला कष्टसाध्य, अन्य दोषांनी संसृष्ट तो साध्य आणि क्षयजन्य तो असाध्य असा विभाग केला आहे. म्हणजे सर्व रुग्णांचे भवितव्य मुळात सारखे नसते, हे आपल्या शास्त्राला पूर्ण ठाऊक आहे. मग एका गटात साध्य रुग्ण अधिक व दुसऱ्यात असाध्य अधिक असे झाले तर औषधाचा गुण कसा कळणार? यादृच्छिक विभागणी, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे वैद्याच्या इच्छेवर न सोडता चिठ्ठीवर सोडणे, ही युक्ती याच अडचणीवरील उपाय आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात यदृच्छावादाचा निरास केलेला आहे, आणि येथे तर आपण यदृच्छेचीच मदत घेत आहोत, ही गंमत वाचकांच्या लक्षात येईलच. मात्र येथे यदृच्छा कारण म्हणून मानलेली नाही. पक्षपात दूर ठेवण्याचे साधन म्हणून ती वापरली आहे.

दोन महाचाचण्या

१९९७ मध्ये दोन प्रचंड चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'इंटरनॅशनल स्ट्रोक ट्रायल' या पहिल्या चाचणीत ३६ देशांतील ४६७ रुग्णालयांतून १९,४३५ रुग्ण घेण्यात आले. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत निम्म्यांना रोज ३०० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन १४ दिवस दिले, निम्म्यांना दिले नाही. दुसरी चाचणी चीनमधील. तिच्यात ४१३ रुग्णालयांतील २१,१०६ रुग्णांना रोज १६० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी चार आठवड्यांपर्यंत देण्यात आली.

पहिल्या चाचणीत १४ दिवसांत पुन्हा गुठळीचा पक्षाघात ॲस्पिरिन घेणाऱ्यांत २.८ टक्के व न घेणाऱ्यांत ३.९ टक्के रुग्णांना झाला. मेंदूतील रक्तस्राव अनुक्रमे ०.९ व ०.८ टक्के. चिनी चाचणीत मृत्यूचे प्रमाण ३.३ विरुद्ध ३.९ टक्के होते. दोन्ही चाचण्या एकत्र केल्या असता, दर १,००० रुग्णांमागे सुमारे ९ जण पहिल्या काही आठवड्यांतील मृत्यू किंवा नव्या पक्षाघातापासून वाचतात, असे निष्पन्न झाले.

हजारात नऊ! हा आकडा वाचून पुष्कळांची निराशा होते. परंतु येथे थोडे थांबून हिशेब करावा. एखाद्या वैद्याने आयुष्यात पक्षाघाताचे शंभर नवे रुग्ण पाहिले, तर त्यांपैकी एकाच्या बाबतीत या औषधाने फरक पडेल. तो एक रुग्ण कोणता, हे त्यास कधीच कळणार नाही. शंभराच्या अनुभवातून जो गुण दिसणे अशक्य, तो पाहण्यासाठी चाळीस हजार रुग्ण लागले. उलटपक्षी, ही गोळी अत्यंत स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असल्याने जगातील कोट्यवधी रुग्णांचा विचार करता तिचा लाभ मोठा आहे.

पहिल्या चाचणीतच हेपॅरिन या गोठणरोधक इंजेक्शनचीही परीक्षा झाली होती, आणि तिचा धडा ॲस्पिरिनहूनही बोधप्रद आहे. हेपॅरिनने पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण ३.८ वरून २.९ टक्क्यांवर आले. परंतु मेंदूतील रक्तस्राव ०.४ वरून १.२ टक्क्यांवर गेला. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. केवळ गुठळीच मोजली असती तर हेपॅरिन यशस्वी ठरले असते.

काय मोजावे आणि कोणी मोजावे

यासाठीच पक्षाघाताच्या चाचणीत बहुधा ९० दिवसांनी रुग्णाची कार्यक्षमता मोजली जाते. 'सुधारित रँकिन श्रेणी' यासाठी सर्वत्र वापरात आहे : ० म्हणजे कोणतेही लक्षण नाही, ३ म्हणजे थोडी मदत लागते पण रुग्ण स्वतः चालतो, ५ म्हणजे अंथरुणास खिळलेला, ६ म्हणजे मृत्यू. हातातील बल किती वाढले याहून, रुग्ण स्वतः शौचास जातो का, हा प्रश्न त्याच्या घरच्यांना अधिक मोलाचा असतो, आणि ही श्रेणी तेच विचारते. ही नोंद करणाऱ्यास रुग्णाने कोणते औषध घेतले ते ठाऊक नसावे. ठाऊक असेल तर, मनुष्य कितीही प्रामाणिक असो, लेखणी किंचित कलतेच.

मुख्य प्रश्न चाचणीपूर्वीच लिहून ठेवावा लागतो. अन्यथा निष्कर्ष हाती आल्यावर ज्या उपगटात गुण दिसतो तोच पुढे करण्याचा मोह होतो. या मोहावर १९८८ च्या एका हृदयविकार चाचणीच्या लेखकांनी मार्मिक भाष्य केले आहे. १७,१८७ रुग्णांच्या त्या चाचणीत ॲस्पिरिनचा लाभ निर्विवाद होता. उपगट पाडून दाखवा, असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी रुग्णांची राशीनुसारही विभागणी केली. आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिनचा लाभ न दिसता किंचित अपायच दिसला! पुरेसे तुकडे पाडले की कोठेतरी असे दिसणारच, हे त्यांना सांगावयाचे होते. प्रकृतीनुसार औषधाचा गुण बदलतो हा आपला सिद्धांत आहे व तो तपासण्याजोगा आहे. परंतु तो तपासायचा तर वात, पित्त व कफ प्रकृतीचे पुरेसे रुग्ण आधीपासून योजून घ्यावे लागतील. चाचणी फसल्यावर 'कफप्रकृतीत मात्र गुण आला' असे म्हणणे हे राशीभविष्यच होय.

प्रबळ औषधांची हकिकत

ॲस्पिरिनचा लाभ लहान, म्हणून अधिक प्रबळ औषध वापरावे, असा विचार झाला. ॲब्सिक्सिमॅबच्या पहिल्या छोट्या चाचण्या आशादायक होत्या. पुढील मोठी चाचणी मात्र २००५ मध्ये ८०८ रुग्णांवरच थांबवावी लागली. तिच्या मुख्य गटात पहिल्या पाच दिवसांतील गंभीर मेंदूरक्तस्राव औषध घेणाऱ्यांत ५.५ टक्के तर निष्क्रिय द्रव घेणाऱ्यांत ०.५ टक्के आढळला. चाचणी चालविणाऱ्यांहून स्वतंत्र अशी तज्ज्ञसमिती मधूनमधून आकडे पाहत असते. अशा प्रसंगी ती किती आवश्यक असते हे सांगणे नलगे.

दोन औषधे जोडीने दिली तर? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७,५९९ रुग्णांच्या चाचणीत क्लोपिडोग्रेलला ॲस्पिरिनची जोड दीर्घकाळ देण्यात आली. नवे झटके लक्षणीय घटले नाहीत. जीवघेणा रक्तस्राव मात्र १.३ वरून २.६ टक्के, म्हणजे दुप्पट झाला. हा मार्ग येथेच बंद झाला असता. परंतु काही संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला : धोका सर्वाधिक कधी असतो? सौम्य पक्षाघातानंतर किंवा क्षणिक झटक्यानंतर दुसऱ्या झटक्याचे भय पहिल्या काही दिवसांतच एकवटलेले असते. मग जोडी तेवढ्याच काळापुरती द्यावी. आवस्थिक काल पाहून औषध योजावे, हा विचार आपल्याला अपरिचित नाही.

'चान्स' या २०१३ मधील चिनी चाचणीत सौम्य पक्षाघात किंवा जोखमीचा क्षणिक झटका आलेले ५,१७० रुग्ण २४ तासांच्या आत घेतले गेले. क्लोपिडोग्रेल ९० दिवस व त्यासोबत ॲस्पिरिन फक्त पहिले २१ दिवस, असा क्रम होता. ९० दिवसांत नवा पक्षाघात केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ११.७ टक्के, जोडी घेणाऱ्यांत ८.२ टक्के, मध्यम व तीव्र रक्तस्राव दोन्ही गटांत ०.३ टक्के. सुमारे २९ रुग्णांस जोडी दिली की एकाचा झटका टळतो. २०१८ च्या 'पॉइंट' या दहा देशांतील चाचणीत ४,८८१ रुग्णांना जोडी पूर्ण ९० दिवस देण्यात आली. तेथे दर १,००० रुग्णांमागे गुठळीच्या घटना सुमारे १५ ने घटल्या, पण मोठे रक्तस्राव सुमारे ५ ने वाढले. पुढील विश्लेषणात लाभ बव्हंशी पहिल्या २१ दिवसांतच झाल्याचे दिसून आले; रक्तस्रावाची जोखीम मात्र औषध चालू असेतो चालूच राहिली. तीन औषधे एकत्र देण्याचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झाला; रक्तस्राव वाढला, लाभ झाला नाही.

औषध दुकानदार बंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये असलेली मिश्रणे आपल्याकडे सर्रास विकली जातात. रुग्णालयातून घरी जाताना लिहून दिलेली जोडी तीन आठवड्यांनी एकेरी करावयाची असते. पण जुनी चिठ्ठी दाखवून रुग्ण तीच कॅप्सूल वर्षानुवर्षे नेत राहतो. हृदयात स्टेंट बसविलेल्यांना जोडी अधिक काळ लागते, तेव्हा सरसकट बंद करा असे म्हणता येणार नाही. मात्र चिठ्ठीवरील दिनांक पाहून 'डॉक्टरांना एकदा विचारून घ्या' एवढे सांगणे गल्ल्यावर बसलेल्यास सहज शक्य आहे. त्या एका वाक्याने एखाद्याचा जठरातील वा मेंदूतील रक्तस्राव टळू शकेल.

टिकाग्रेलॉरची कथा संक्षेपाने सांगतो. २०१६ मध्ये १३,१९९ रुग्णांत ते एकट्या ॲस्पिरिनहून सरस ठरले नाही (६.७ विरुद्ध ७.५ टक्के, हा फरक योगायोगाचाही असू शकतो). २०२० मध्ये ११,०१६ रुग्णांत ॲस्पिरिनसह ३० दिवस दिले असता पक्षाघात वा मृत्यू ६.६ वरून ५.५ टक्क्यांवर आला. तीव्र रक्तस्राव ०.१ वरून ०.५ टक्के झाला. २०२१ मधील चाचणी अधिक रोचक आहे. क्लोपिडोग्रेल पचविणारा यकृतातील विकर काही व्यक्तींत जन्मतःच मंद असतो, आणि आशियाई लोकांत हे प्रमाण मोठे आहे. अशा ६,४१२ रुग्णांना निवडून तुलना केली असता टिकाग्रेलॉर गटात नवा पक्षाघात ६.० टक्के तर क्लोपिडोग्रेल गटात ७.६ टक्के आढळला. प्रकृतिभेदाने औषधभेद, असे याला म्हणण्यास हरकत नाही. पण तो भेद येथे आधी ठरवून तपासला होता.

टायरोफायबनचे दैव ॲब्सिक्सिमॅबहून बरे निघाले. २०२३ च्या चिनी चाचणीत मोठी वाहिनी बंद नसलेल्या १,१७७ रुग्णांत जवळपास पूर्ण बरे होण्याचे प्रमाण टायरोफायबनने २९.१ टक्के व ॲस्पिरिनने २२.२ टक्के होते. मेंदूतील लक्षणयुक्त रक्तस्राव १ टक्का विरुद्ध शून्य. योग्य रुग्ण निवडला तर तेच शस्त्र उपयोगी पडते.

छोटी चाचणी, मोठी चाचणी

अगदी अलीकडचे उदाहरण ग्लेन्झोसिमॅबचे. कोलॅजेनला चिकटणारा प्लेटलेटवरील जी.पी.-सहा हा ग्राहक जन्मतः नसलेल्या व्यक्तींना रक्तस्रावाचा त्रास बहुधा सौम्यच होतो, असे निरीक्षण होते. मग हाच ग्राहक बंद केला तर गुठळी थांबेल व रक्तस्रावही वाढणार नाही, अशी अत्यंत सुंदर कल्पना पुढे आली. युरोपातील पहिल्या चाचणीत १६६ रुग्णांना गुठळी विरघळविण्याच्या चिकित्सेसोबत हे औषध किंवा निष्क्रिय द्रव देण्यात आला. औषध सुरक्षित आढळले. इतकेच नव्हे तर मेंदूरक्तस्राव व मृत्यूही औषधाच्या बाजूस कमी दिसले. सर्वत्र औत्सुक्य निर्माण झाले. चारशेहून अधिक रुग्णांच्या पुढील चाचणीचा निकाल २०२४ मध्ये जाहीर झाला तेव्हा मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नव्हते.

पहिल्या चाचणीत कोणी लबाडी केली होती काय? मुळीच नाही. दहापाच मृत्यू इकडचे तिकडे झाले की शेकड्यातील चाचणीचे टक्के पालटतात. ती सुरक्षितता पाहण्यासाठी योजलेली होती, गुण सिद्ध करण्यासाठी नव्हे. तीस-चाळीस रुग्णांवरील आपले पदव्युत्तर प्रबंध वाचताना हे स्मरणात ठेवावे. ते निरुपयोगी नव्हेत. पण ते दार ठोठावतात, उघडत नाहीत.

परंपरागत औषधांची परीक्षा

'मिश्रणांची अशी परीक्षा होऊच शकत नाही' हा आक्षेप आपल्या परिषदांतून वारंवार ऐकू येतो. त्यास उत्तर पूर्वेकडून आले आहे. वनस्पतिज व प्राणिज मिळून १४ द्रव्यांच्या एका चिनी योगाची चाचणी १,१०० पक्षाघात रुग्णांवर आग्नेय आशियासह अनेक देशांत झाली व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ७२ तासांच्या आत कॅप्सूल सुरू करून तीन महिने दिल्या. दुसऱ्या गटास तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय अंतर आढळले नाही. नंतरच्या पाठपुराव्यात काही अनुकूल संकेत दिसले, पण मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच राहिले. २०२४ मध्ये मेंदूरक्तस्रावावरील दुसऱ्या चिनी योगाची सुमारे १,६०० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातही लाभ दिसला नाही. या दोन्ही चाचण्यांकडे पराभव म्हणून पाहू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपल्या परंपरेतील औषध एवढ्या कठोर कसोटीस लावण्याचे व उत्तर प्रतिकूल आले तरी ते छापण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांच्या पुढील अनुकूल निष्कर्षावर जग विश्वास ठेवील.

आपल्या योगांबाबत अडचणी निश्चित आहेत. क्वाथाचा गंध व कटुरस निष्क्रिय द्रव्यात आणणे कठीण. त्यासाठी घनसत्त्वाची कॅप्सूल करावी लागेल, आणि मग ते क्वाथाशी तुल्य राहिले काय हा प्रश्न येईल. फार्मसीचालकांचे दायित्व येथेच सुरू होते. एका तुकडीतील गुग्गुळ व पुढील तुकडीतील गुग्गुळ सारखा नसेल तर चाचणी कशाची झाली? द्रव्यओळख, भारी धातू व जंतुसंख्या यांच्या चाचण्या प्रत्येक तुकडीच्या असल्याविना कोणतीही नैतिकता समिती प्रस्ताव हाती घेणार नाही. आयुष विभागाने २०१३ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या चिकित्सकीय चाचण्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी २००७ पासून कार्यरत असलेल्या भारतीय चाचणी नोंदवहीत चाचणी नोंदविणे आवश्यक आहे. संमतीचा प्रश्न पक्षाघातात विशेष नाजूक असतो, कारण रुग्णाची वाणीच गेलेली असते. आप्ताची संमती घेताना 'नेहमीची चिकित्सा यामुळे थांबणार नाही' हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. तीव्र अवस्थेत सिद्ध झालेली चिकित्सा रोखून आपले औषध देणे अनैतिक होय. तिच्या जोडीने देऊन अधिक काय साधते, हाच आपला प्रश्न असू शकतो.

जाहिरातीविषयी एक सूचना अप्रस्तुत ठरणार नाही. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात पक्षाघाताचा स्पष्ट समावेश आहे. 'पक्षाघातावर रामबाण' असे वेष्टनावर किंवा फलकावर लिहिणाऱ्याने औषधाचा गुण नव्हे, तर स्वतःचा गुन्हा जाहीर केलेला असतो.

जोडीने चालणाऱ्या औषधांबाबत दक्षता

प्रत्यक्ष व्यवहारात रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, हाती प्लेटलेटरोधक गोळ्या घेऊन. त्या गोळ्या बंद करण्यास वैद्याने कधीही सांगू नये. आपण काय देत आहोत याचा मात्र विचार करावा. लशुनातील काही घटक प्रयोगशाळेत प्लेटलेटचे एकत्रीकरण रोखतात. आर्द्रक, हरिद्रा व गुग्गुळ यांबाबतही तशी निरीक्षणे आहेत. आहारातील लसणाने भय नाही. लशुनक्षीरपाक किंवा गुग्गुळकल्पांच्या मोठ्या मात्रा दुहेरी गोळ्यांच्या २१ दिवसांत टाळणे हे शहाणपणाचे. गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या रक्तदाबावरील औषधांचे शोषण घटते, असे निरोगी व्यक्तींवरील भारतीय अभ्यासात १९९४ मध्येच दिसून आले आहे. पक्षाघाताच्या रुग्णात रक्तदाब अनावर होणे किती महागात पडेल हे वेगळे सांगावयास नको. पिप्पली व मरिचातील पायपरिन उलट अनेक औषधांची रक्तातील पातळी वाढविते. फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णास त्रिकटुयुक्त कल्प देताना हे ध्यानी घ्यावे. कृष्णवर्ण मल, लघवीतून रक्त, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, नवा तीव्र शिरःशूल यांविषयी प्रत्येक भेटीत विचारावे व ते नोंदवावे.

रक्तमोक्षण करणाऱ्या वैद्यांनी अधिक सावध असावे. जलौकेच्या लालेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते हे हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्ये दाखविले. त्यात ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलची भर पडली की दंशस्थान तासन्‌तास स्रवत राहते. सिरावेध, अग्निकर्म व क्षारसूत्रापूर्वीही रुग्णास 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे काय' असे नेमक्या शब्दांत विचारावे, कारण 'काही औषध चालू आहे का' या प्रश्नास रुग्ण पुष्कळदा नाही म्हणतो. ती गोळी त्याच्या लेखी औषधच नसते. गोळी चालू असेल आणि कर्म टाळता येण्याजोगे असेल तर ते पुढे ढकलावे. अटळ असेल तर गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा. दोन दिवस गोळी थांबविल्याने प्लेटलेट पूर्ववत होत नाहीत, कारण जुन्यांची जागा नव्यांनी घेण्यास आठवडा-दहा दिवस लागतात; आणि त्या आठवड्यात रुग्ण पुन्हा गुठळीच्या धोक्यात उभा असतो.